खाली दुकान, वर बिऱ्हाड

मुंबईच्या गिरगाव भागात ठाकूरद्वार नावाचा नाका आहे. ठाकूर म्हणजे देव आणि ठाकूरद्वार म्हणजे देवाचे दार. येथील देवळावरून वस्तीला हे नाव पडले. नाक्यावर उभे राहून पश्चिमेकडे निघावे, तर थोड्याच वेळात रेल्वेचे रूळ आणि त्यांच्या पलीकडे समुद्र लागतो. पूर्वेकडे वळावे, तर भुलेश्वर व काळबादेवी यांचा गजबजलेला बाजार. दक्षिणेस धोबीतलाव आणि त्यापुढे कोट. उत्तरेस प्रार्थना समाज. चारी दिशांची माणसे येथे येतात व चारी दिशांना पांगतात. अशा जागी व्यापार वाढला नसता, तरच नवल!

या नाक्याच्या आसपासच्या वाड्यांची नावे पाहा : फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, झावबावाडी. एके काळी येथे खरोखरीच्या बागा होत्या, हे ही नावे सांगतात. पुढे झाडे गेली, घरे आली. नावे मात्र राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या व्यापाराने मुंबई भरभराटीस आली. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८६२ नंतरच्या काही वर्षांत, जुन्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला आणि शहराने अंग पसरले. कोटात कचेऱ्या वाढल्या, काळबादेवीस कापडाच्या पेढ्या वाढल्या. त्या कचेऱ्यांतून आणि पेढ्यांतून काम करणारा कोकणातील, देशावरील माणूस राहणार कोठे? त्याने गिरगावात बिऱ्हाड केले.

त्या काळी येथे उभ्या राहिलेल्या इमारतींची रचना नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून गाळे असत. कोठे भुसारी मालाचे दुकान, कोठे शिंपी, कोठे पूजेच्या साहित्याचा व्यापारी, कोठे खाणावळ. गाळ्याला बहुधा पोटमाळा असे. त्यावर माल राही आणि रात्री दुकानातील नोकर निजत. दोन गाळ्यांच्या मधून एक अरुंद, काळोखा जिना वर जाई. पहिल्या मजल्यावर वैद्याचा किंवा डॉक्टरांचा दवाखाना, वकिलाची कचेरी, एखादा शिकवणीचा वर्ग. त्याच्या वर बिऱ्हाडे. प्रत्येक मजल्यावर लांबच लांब सज्जा असे आणि त्याच्या कडेने एकामागून एक खोल्या. या सज्जाला मुंबईकर 'गॅलरी' म्हणतात. दळण टाकायला आईने मुलाला धाडले, तर तो परत येईपर्यंत ती गॅलरीतून त्याच्यावर नजर ठेवू शके. डॉक्टर खाली, वाणी खाली, शाळा चार वळणांवर. माणसाचे जिणे दोन-तीनशे पावलांच्या आत सामावत असे.

ही व्यवस्था कोणा एका शिल्पकाराने कागदावर आखली नव्हती. जमीन महाग आणि माणसे पुष्कळ, म्हणून मालकाने रस्त्याकडील भाग व्यापाराला व वरचा भाग वस्तीला दिला. नगररचनेचे पंडित आज जिला 'मिश्र उपयोगाची इमारत' असे भारदस्त नाव देतात, ती गिरगावात केवळ गरजेतून जन्मली. तिचे गुणगान करताना तिच्यातील हाल मात्र विसरता कामा नयेत. एका खोलीत आठ-दहा माणसे राहत, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास असत, पाणी पहाटेच भरून ठेवावे लागे. जुन्या चाळीविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी ती चाळ संधी मिळताच सोडली, हेही खरेच आहे.

इमारतीने एक काम केले, तर वाहनाने दुसरे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली. १९०७ साली ती विजेवर धावू लागली. गिरगावच्या रस्त्यावरूनही ट्राम जाई. पश्चिमेकडून बी. बी. सी. आय. रेल्वेची गाडी १८७० सालीच चर्चगेटपर्यंत पोहोचली होती. ज्या रस्त्यावर ठाकूरद्वारचा नाका आहे, त्याला आज नाना शंकरशेठ यांचे नाव आहे, हे किती उचित! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तिच्यामागे ज्यांची दूरदृष्टी व खटपट होती, त्यांपैकी नाना हे एक प्रमुख गृहस्थ होत आणि त्यांचा वाडा गिरगावातच होता. १९२६ साली बस आली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली आणि रूळ डांबराखाली गेले.

आता वाहन आणि दुकान यांचे नाते पाहू. दुकानदार आपले दुकान कोठे थाटतो? जेथे पावले पडतात, तेथे. ट्राममधून उतरलेला कारकून घरी जाताना भाजी घेई, चपलेचा अंगठा शिवून घेई, मुलासाठी पाटी घेई. त्यासाठी त्याला वाट वाकडी करावी लागत नसे. थांबा जर शंभर पावले पुढे सरकला, तर एका दुकानाचे गिऱ्हाईक घटे व दुसऱ्याचे वाढे. म्हणजे गाळ्याचे मोल केवळ त्याच्या चार भिंतींत नसते. त्याच्या दारावरून जी माणसे जातात, त्यांत ते असते.

हे सूत्र जपानमधील एका उद्योजकाने फार लवकर हेरले. ओसाका शहराजवळ रेल्वेमार्ग चालविणाऱ्या इचिझो कोबायाशी यांनी मार्गाच्या कडेने घरे बांधून ती हप्त्यांनी विकण्यास १९१० च्या सुमारास आरंभ केला आणि १९२९ साली उमेदा येथील आपल्या अखेरच्या स्थानकाच्या इमारतीतच एक विशाल दुकान उघडले. तिकिटातून मिळे त्यापेक्षा मार्गाच्या आसपासच्या घरांतून व दुकानांतून अधिक मिळू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे हाँगकाँगच्या भुयारी रेल्वेने हीच रीत मोठ्या प्रमाणावर अंगीकारली. तेथे अनेक स्थानकांच्या डोक्यावर बाजार, कचेऱ्या व उंच घरे आहेत.

यामागील हिशेब समजण्यास सोपा आहे. रेल्वे बांधण्याचा खर्च अवाढव्य असतो आणि तिकीट तर गरिबाला परवडेल एवढेच ठेवावे लागते. मात्र स्थानक होताच आसपासच्या जमिनीचा भाव वाढतो. ही वाढ जमिनीच्या मालकाने कष्ट करून मिळविलेली नसते. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या गाडीने ती त्याच्या पदरात टाकलेली असते. तेव्हा त्या वाढीतला काही भाग गाडीच्या खर्चासाठी परत घ्यावा, हे न्याय्यच म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रात हा प्रयोग नवी मुंबईत झाला. शासनाने १९७० साली स्थापन केलेल्या सिडको या संस्थेने तेथील रेल्वेमार्गांच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार उचलला. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीपर्यंत गाडी गेली. वाशीचे स्थानक बांधताना रुळांच्या वर कचेऱ्यांचे मजले चढविण्यात आले. बेलापूरचे स्थानकही असेच प्रशस्त आहे. सीवूड्स-दारावे स्थानकावरील व्यापारी संकुल २०१७ साली ग्राहकांना खुले झाले. तेथे गाडीतून उतरलेला प्रवासी रस्त्यावर पाऊल न टाकता दुकानांत शिरतो आणि कचेरीतील माणूस जिना उतरून फलाटावर येतो.

परंतु नवी मुंबईची जमीन रिकामी नव्हती. ती पंचाण्णव गावांतील शेतकऱ्यांची, आगरी-कोळी लोकांची होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यावा, असे तत्त्व पुढे मान्य झाले, ते या लढ्याचे फलित होय. ज्याच्या शेतातून शहर उगवले, त्याला शहराच्या वाढीत वाटा मिळावा, एवढेच त्यांचे मागणे होते. ठाकूरद्वारी शेते नव्हती, भाड्याच्या खोल्या व गाळे होते. पण प्रश्न तोच पुन्हा उभा राहिला.

तो उभा राहिला भुयारी मेट्रोमुळे. कुलाबा, वांद्रे व सीप्झ यांना जोडणारा मुंबईचा तिसरा मेट्रो मार्ग ३३.५ किलोमीटर लांबीचा असून त्यावर २७ स्थानके आहेत; त्यांपैकी एक सोडून सर्व जमिनीखाली आहेत. खर्च ३७,००० कोटी रुपयांहून अधिक झाला. त्यातील मोठा भाग जपानकडून कर्जरूपाने मिळाला. मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रवाशांना खुला झाला आणि त्याबरोबर गिरगाव व काळबादेवी ही स्थानके शहराच्या नकाशावर आली.

या दोन स्थानकांचे बांधकाम फार अवघड होते. रस्ता रुंद असला, म्हणजे तो वरून उकरून मोठा खड्डा घेता येतो, त्यात स्थानक बांधता येते आणि वरून झाकण घालून रस्ता पूर्ववत करता येतो. गिरगावात तेवढी रुंदी नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांस शंभर-शंभर वर्षांच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. म्हणून स्थानकांच्या मधले बोगदे प्रचंड यंत्रांनी कोरले गेले आणि स्थानकासाठी ऑस्ट्रियातील अभियंत्यांनी विकसित केलेली पद्धती योजण्यात आली. रस्त्याच्या कडेला खोल विहिरीसारखा खड्डा घ्यावयाचा. तळाशी पोहोचल्यावर खडकात आडवे शिरावयाचे. थोडेसे अंतर कोरले, की लगेच उघड्या खडकावर काँक्रीटचा फवारा मारावयाचा, पोलादी सळ्या ठोकून तो जखडावयाचा आणि मग पुढचे पाऊल टाकावयाचे. मुंबईचा काळा कातळ कठीण खरा. पण त्याच्या मध्ये ठिसूळ थरही येतात. वरच्या जुन्या भिंतींना धक्का लागतो की काय, हे मोजणारी उपकरणे त्यासाठी इमारतींवर बसवावी लागतात.

आता विहीर घ्यावयाची, ती कडेला. आणि कडेला तर इमारती! जिना, सरकता जिना, हवा खेळविण्याची यंत्रे, अग्निशमनाची व्यवस्था यांना जमिनीवर जागा हवीच. म्हणून काही इमारती ताब्यात घेऊन पाडणे अटळ झाले. २०१५ साली ही वार्ता पसरताच गिरगाव-काळबादेवीचे रहिवासी व दुकानदार रस्त्यावर उतरले. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठी खोली मिळेल, या आश्वासनाने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. याच परिसरात पुनर्वसन झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि शासनाला तो मान्य करावा लागला. मेट्रो उभारणाऱ्या महामंडळानेच जवळपास नव्या इमारती बांधाव्या, रहिवाशांना घरे व दुकानदारांना गाळे द्यावे आणि तोपर्यंत त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची व्यवस्था करावी, असे ठरले. शेकडो कुटुंबांनी मग आपली जुनी खोली रिकामी केली.

याच परिसराचा एवढा हट्ट का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर समजण्यासाठी पागडीची पद्धती समजून घ्यावी लागेल. गिरगावातील बहुतेक रहिवासी कागदोपत्री भाडेकरू आहेत. त्यांनी किंवा त्यांच्या वाडवडिलांनी खोली घेताना मालकाला एकरकमी मोठा पैसा दिला. यालाच पागडी म्हणतात. त्यानंतर भाडे मात्र नाममात्र राहिले, कारण १९४७ च्या कायद्याने ते गोठविले होते. मालकाला भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, आणि भाडेकरूला घर आपल्या नावावर नसल्याने त्यात पैसा घालण्याचा धीर होईना. दोघांच्या मध्ये भिंत खचत राहिली. अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा करून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. तात्पर्य, येथील माणूस पूर्ण मालकही नव्हे आणि निव्वळ भाडेकरूही नव्हे. त्याच्यापाशी जो हक्क आहे, तो एका विशिष्ट जागेला चिकटलेला आहे. ती जागा सुटली, की हक्काचे रूप संशयात पडते.

दुकानदाराची गोष्ट तर आणखी नाजूक. समजा, एका शिंप्याचा गाळा नाक्यावर आहे. त्याच्या बापापासूनची गिऱ्हाइके भोवतालच्या चार वाड्यांत राहतात. अंगाचे माप घेतलेली वही ही त्याची खरी दौलत. त्याला दहा मैलांवर दुप्पट मोठा गाळा दिला, तर कात्री व यंत्र तेथे नेता येईल. गिऱ्हाईक कसे नेणार? उलट तो येथेच राहिला आणि दारात मेट्रोचे स्थानक आले, तर जुन्या गिऱ्हाइकांत रोजच्या नव्या प्रवाशांची भर पडेल. मेट्रोने जे मोल या नाक्याला आणले, त्यातला त्याचा वाटा हाच. बांधकामाच्या वर्षांत पत्र्यांच्या कुंपणाआड धूळ खात ज्याने धंदा टिकविला, त्याचा या वाट्यावरील हक्क मला तरी सर्वांत आधीचा वाटतो.

नव्या इमारतीचा आराखडा करणाऱ्यापुढे म्हणून दोन-तीन साधे, पण कळीचे प्रश्न येतात. पहिला प्रश्न गाळ्याच्या दाराचा. नव्या संकुलांत दुकाने पुष्कळदा आत वळविलेली असतात : थंड हवेचा मार्ग, गुळगुळीत फरशी, दारावर पहारेकरी. तेथे तयार कपड्यांचा मोठा व्यापारी शोभतो. पण ज्याचे गिऱ्हाईक पिशवी हातात घेऊन, जाता जाता उभ्याउभ्या सुटे पैसे देते, त्या वाण्याला रस्ता हवा. गिरगावच्या जुन्या इमारती याबाबतीत शहाण्या होत्या. त्यांचे प्रत्येक दुकान पदपथावर उघडत असे.

दुसरा प्रश्न वरच्या खर्चाचा. चाळीच्या जिन्याला वीज लागत नव्हती. उंच इमारतीला उद्वाहने लागतात, पाणी चढविणारे पंप लागतात, आग विझविण्याची सज्जता लागते आणि या साऱ्याचा मासिक खर्च सर्वांना वाटून घ्यावा लागतो. ज्या निवृत्त कारकुनाने आयुष्यभर नाममात्र भाडे भरले, त्याला नवे घर फुकट मिळाले, तरी ते चालविणे जड जाऊ शकते. मग तो ते विकतो व दूर निघून जातो. कायद्याने कोणी त्याला काढलेले नसते. पण नाक्याला तो दुरावतोच. पुनर्वसनाच्या योजनांत या खर्चासाठी काही ठेव आधीच बाजूस काढून ठेवण्याची रीत आहे, ती याचसाठी. ती ठेव किती वर्षे पुरेल, हे रहिवाशांनी घराच्या लांबी-रुंदीइतक्याच काळजीने विचारले पाहिजे.

आणि मोटारींचे काय? उंच इमारतीच्या पोटात तीन-चार मजले मोटारी ठेवण्यासाठी राखण्याचा प्रघात मुंबईत पडला आहे. जिच्या दारात दर काही मिनिटांनी भुयारी गाडी येते, जिच्यापासून उपनगरी रेल्वेचे स्थानक चालत गाठता येते आणि जिच्या समोरून बस जाते, अशा इमारतीत मोटारींना माणसांहून खालची, म्हणजे रस्त्याजवळची जागा द्यावी, हा हिशेब काही केल्या जुळत नाही. ते मजले दवाखान्यांना, वर्गांना, वाचनालयांना व छोट्या कचेऱ्यांना दिले, तर जुन्या इमारतीचा पहिला मजला ज्या उपयोगाचा होता, तो पुन्हा साधेल.

गिरगाव स्थानकातून आज दक्षिणेकडे गाडीत बसावे, तर काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी स्थानके घेत प्रवासी कफ परेडला पोहोचतो. उत्तरेकडे ग्रँट रोडनंतर मुंबई सेंट्रलचे जे स्थानक लागते, त्यालाही जगन्नाथ शंकरशेठ यांचेच नाव दिले आहे. दादर, धारावी, विमानतळ हे सारे आता एकाच गाडीच्या वाटेवर आले. वरळीचा किंवा मरोळचा माणूस लग्नाच्या खरेदीसाठी भुलेश्वरला येतो आणि परतताना गिरगावात फराळाला थांबतो. रस्त्यावरच्या पायांची संख्या वाढली, तसे गाळ्यांकडे पाहणाऱ्या डोळ्यांची संख्याही वाढली. मोठमोठ्या पेढ्यांचे दलाल नाक्यावर चौकशी करू लागले, तर त्यात आश्चर्य नाही.

नव्या इमारतीत गाळा मिळावयाचा आहे, असा दुकानदार आराखडा हाती आला, की आधी जागेचे चौरस फूट पाहत नाही. स्थानकाच्या जिन्याचे तोंड कोणत्या पदपथावर उघडते, आणि तेथून आपल्या दारापर्यंत किती पावले पडतात, हे तो बोटाने मोजून पाहतो.